लायकीचा पुरावा: महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्तीचा मागोवा

पेशवाईत श्रावण लागला की पुण्याकडे येणाऱ्या वाटांवर ब्राह्मणांची रीघ लागायची. काशीकडचे शास्त्री, कर्नाटक-तेलंगणातले वैदिक, कोकणातले याज्ञिक यायचेच, आणि त्यांच्या मागोमाग नुसत्या जानव्याच्या भरवशावर निघालेलेही पुष्कळ. शास्त्र्यांची परीक्षा व्हायची. कुणी न्यायात किती मुरला आहे, कुणाला वेदाची कोणती शाखा घनापर्यंत येते, हे जाणकार पंडित पारखायचे आणि त्या मानाने रक्कम ठरायची. बाकीच्या हजारोंसाठी पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. तिथल्या आवारात सगळ्यांना आत घ्यायचे आणि बाहेर पडताना दाराशी एकेकाच्या हातावर दक्षिणा पडायची.

ही प्रथा पेशव्यांनी काढलेली नव्हे. ती तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्र्यंबकराव पडला, दाभाड्यांचा जोर ओसरला आणि दक्षिणेचा मान पुण्याकडे आला. पुढे ती इतकी वाढली की राज्याच्या खर्चात तिची रक्कम लाखांनी मोजली जाऊ लागली.

महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्तीचा इतिहास बहुधा देणाऱ्यांच्या औदार्याचा म्हणून सांगितला जातो. पेशव्यांनी दिले, गायकवाडांनी दिले, टाटांनी दिले, सरकारने दिले. मला तो मागणाऱ्याच्या बाजूने पाहायचा आहे. ज्याला शिकायचे आहे आणि ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याला त्या त्या काळात काय सिद्ध करून दाखवावे लागले? या प्रश्नाला धरून चाललो की रमण्याच्या दारापासून आजच्या ‘महाडीबीटी’ पोर्टलपर्यंतचा रस्ता सलग दिसतो. रमण्याच्या दारात दोन गोष्टी पाहिल्या जायच्या, विद्या आणि जन्म. विद्या नसली तरी काहीतरी मिळे. जन्म नसेल तर दारच नव्हते.

१८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य बुडाले, तरी दक्षिणा लगेच बुडाली नाही. इंग्रजांचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन धोरणी माणूस होता. पुण्यातला विद्वान वर्ग एकदम दुखावणे त्याला परवडणारे नव्हते. त्याने दक्षिणेसाठी वर्षाला ५०,००० रुपये राखून ठेवले, आणि १८२१ मध्ये याच पैशाच्या आधाराने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. पुढे तिचेच पूना कॉलेज झाले आणि मग डेक्कन कॉलेज. तिकडे दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे सरकारने थांबवले होते. जुने दक्षिणाधारी एकेक करून वारत गेले, तशी रक्कम शिल्लक पडू लागली. या शिलकीचे करायचे काय, यावरून १८४९ मध्ये पुण्यात वाद पेटला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्याबरोबरच्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की हा पैसा एकाच जातीला वाटण्याऐवजी मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग तो कुठल्याही जातीचा असो, बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी मंडळी खवळली. जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये ‘दक्षिणा प्राइज कमिटी’ स्थापन झाली. या फंडातून पुढे फुल्यांच्या मुलींच्या शाळेलाही मदत मिळाली. खंडेराव दाभाड्यांनी वैदिकांसाठी सुरू केलेल्या प्रथेचा पैसा शंभर-सव्वाशे वर्षांनी मुलींच्या मुळाक्षरांपर्यंत पोहोचला. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात याहून मोठे वळण मला चटकन आठवत नाही.

याच फंडातून ‘दक्षिणा फेलो’ निघाले. पुढे शिकत राहायचे, कॉलेजात थोडे शिकवायचे आणि दरमहा वेतन घ्यायचे, अशी ती सोय. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधर तुकडी बाहेर पडली, तीत दोघांचीही नावे आहेत. मुंबईत त्याआधीच लोकवर्गणीतून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या होत्या. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये न्यायाधीश वेस्ट आणि गव्हर्नर क्लेअर यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या होत्या, आणि दादाभाई नौरोजी हे क्लेअर स्कॉलर. आता पुरावा बदलला होता. मुखोद्गत शास्त्राच्या जागी परीक्षेतले गुण आले. गुणांबरोबर आणखीही एक अपेक्षा होती, तिचा उच्चार कुणी करत नसे. रानड्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती इंग्रजांना मानवणारी नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. हे ग्रँट काही दुष्ट गृहस्थ नव्हते, रानड्यांच्या बुद्धीचे त्यांना कौतुकच होते. तरीही ज्याचे पैसे घेतले त्याच्याविषयी बरे लिहावे, एवढी वसुली त्यांनी केलीच.

गुणांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांत मराठी घरांत सर्वांत जास्त दबदबा होता तो जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा. नाना शंकरशेट १८६५ मध्ये गेले आणि त्यानंतर त्यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यासाठी ती सुरू झाली. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख ही शिष्यवृत्तीही घेऊन गेले. पुढच्या कितीतरी पिढ्यांत ‘शंकरशेट मिळाली’ एवढे म्हटले की पुढे काही सांगायला लागत नसे. पण ही शिष्यवृत्ती कुणाच्या वाट्याला जाणार हे घरात संस्कृत आहे की नाही, शिकवायला कोणी आहे की नाही, यावर बरेचसे आधीच ठरलेले असे.

हे सर्वांत आधी आणि सर्वांत स्वच्छ पाहिले फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षणाविषयी पुष्कळ आहे आणि ते नेहमी सांगितले जाते. त्यातच शिष्यवृत्त्यांविषयीचा एक लहानसा भाग आहे. तो मात्र फारसा कुणी सांगत नाही. चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्ती द्यायची ही पद्धत वरवर न्याय्य दिसते, पण तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून ज्या जातींत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात, असे त्यांनी सुचवले. विद्येचा पुरावा मागणे चूक नाही. पण ज्याला आजवर विद्येच्या जवळ येऊ दिले नाही त्याच्याकडे तो मागणे चूक आहे. आज महाराष्ट्रात मिळणाऱ्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचा तर्क याच मुद्द्यावर उभा आहे.

याच दशकात पुण्यात एका मुलीने सगळे पुरावे देऊनही तिला नकार मिळाला. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकली. १८८७ च्या परीक्षेत ती आपल्या कॉलेजात पहिली आली. या यशावर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. पण ती फक्त पुरुषांसाठी होती. शेवटी इंग्लंडातल्या काही स्त्रियांनी वर्गणी गोळा केली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होती. १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली. दापोलीजवळच्या मुर्डीहून आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांना पुढे भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९९ मध्ये केंब्रिजला ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले. ते यश त्यांचेच. तरी दोघांच्या कथा शेजारी ठेवून वाचल्या की लायकी म्हणून तेव्हा काय मोजले जात होते ते कळते.

१८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी निराळी रीत काढली. त्यांच्या निधीतून परदेशी शिक्षणाला मिळणारी रक्कम दान नव्हती, कर्ज होते. शिकून आलेल्याने ती फेडायची, म्हणजे पुढच्याला देता येईल. पहिल्या लाभार्थींत दोन स्त्री डॉक्टर होत्या. त्यांतल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर कोल्हापूरच्या. फेडण्याचा शब्द देणे हाही एक पुरावाच आहे, आणि तो माणसाला ताठ मानेने देता येतो.

आता शपथेची शिष्यवृत्ती. पॅरिसमधले मोत्यांचे व्यापारी सरदारसिंग राणा यांनी हिंदुस्थानी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. २,००० रुपयांची ‘शिवाजी शिष्यवृत्ती’ त्यांतलीच. तिची सूत्रे लंडनला श्यामजी कृष्णवर्मांकडे होती. अट एकच, ती घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी कधी करायची नाही. विनायक दामोदर सावरकरांनी अर्ज केला, सोबत लोकमान्य टिळकांचे शिफारसपत्र जोडले आणि १९०६ मध्ये ते लंडनला रवाना झाले. अर्जाबरोबर थोरांचे शिफारसपत्र लावायची पद्धत आजही परदेशी विद्यापीठांत आहेच. फरक एवढाच, की टिळकांच्या पत्राने त्या तरुणाच्या निष्ठेची हमी दिली होती.

सात वर्षांनी आणखी एका तरुणाने करारावर सही केली. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले ते १९०७ मध्ये. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापाशी शब्द टाकला आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये सुरू झाले. १९१३ मध्ये बडोद्याने कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची होती. १९१७ मध्ये मुदत संपून ते बडोद्याला हजर झाले, तेव्हा अमेरिकेत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला गावात राहायला खोली मिळाली नाही. जात लपवून एका पारशी वसतिगृहात काढलेले दिवस, तिथून निघावे लागणे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शिष्यवृत्तीने विद्या दिली. पण छप्पर देणे तिच्या हातात नव्हते.

त्या काळातल्या छपराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण शिकणाऱ्याचा खरा खर्च फीपेक्षा खाण्यापिण्याचा आणि राहण्याचा असतो. पुण्यासारख्या गावात गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. नाहीतर झोळी घेऊन माधुकरी मागायचा. कुठे अर्ज नाही, दाखला नाही, दारात उभे राहून नाव सांगितले की पुरे. कितीतरी मोठी माणसे या अन्नावर शिकली आणि त्या घरांतल्या बायकांचे ऋण त्यांनी जन्मभर मानले. पण त्या पंक्तीत मराठ्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला पान नव्हते. म्हणून राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात जे केले त्याची किंमत मला कुठल्याही परदेशी शिष्यवृत्तीपेक्षा अधिक वाटते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले. मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य, एकामागून एक जातींची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. त्यांतल्याच जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा मुलगा राहिला. त्याने १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि नंतर साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एकाच छपराखाली, एकाच पंक्तीला बसवले. त्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्याच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. इथे मुलाकडे गुणांचा पुरावा मागितला नाही, निष्ठेचाही नाही. श्रम मागितले. ‘कमवा आणि शिका’ ही पाटी पुढे अनेक कॉलेजांत लागली ती तिथूनच. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली, तीही याच गरजेतून.

खरे वळण आले १९४२ मध्ये. आंबेडकर आता व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षणाचा, विशेषतः विज्ञान आणि तंत्रशिक्षणाचा, आणि परदेशी शिक्षणाचा खर्च केंद्राने उचलावा अशी मागणी होती. सरकारने वर्षाला ३ लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. लवकरच अनुसूचित जमातीही तिच्यात आल्या. ज्या माणसाला स्वतःला एका महाराजाच्या मर्जीने आणि एका गुरुजींच्या शब्दाने शिकता आले, त्याने पुढच्यांसाठी मर्जी आणि शब्द दोन्ही रस्त्यातून काढून टाकले. आता दारात जाऊन कुणापुढे हुशारी दाखवायची नव्हती. सुरुवातीला पैसा बेताचा होता, पण पुढे योजना रुळली ती अशी, की तू त्या समाजातला आहेस, पास झाला आहेस, तुला प्रवेश मिळाला आहे आणि घरचे उत्पन्न मर्यादेत आहे, तर पैसे तुझे. फुल्यांनी हंटरसमोर मांडलेला मुद्दा बासष्ट वर्षांनी देशाच्या खर्चाच्या हिशेबात आला. मराठवाड्यातल्या खेड्यांतून औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात आलेली पहिली पिढी या पैशावर जगली. मुले या शिष्यवृत्तीला ‘जीओआय’, म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ इंडियाची, म्हणतात, आणि उत्पन्न मर्यादेबाहेर गेले तर मिळते ती ‘फ्रीशिप’. हे दोन शब्द कॉलेजच्या खिडकीवर आजही रोज ऐकू येतात.

मराठी मुलांना तिसरा शब्द पाठ आहे, ‘ईबीसी’, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची सवलत. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली आणि शेतकऱ्यांची पोरे कॉलेजच्या पायऱ्या चढली. इथे पुरावा फक्त गरिबीचा होता. हीच सवलत आता राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने चालते. तिची उत्पन्नमर्यादा बराच काळ १ लाखावर अडकून होती. २०१६ मध्ये ती ६ लाख झाली आणि नंतर ८ लाख. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा मात्र अडीच लाखांवरच आहे. हा फरक मला पटत नाही.

आणि आता आपण कागदांच्या काळात आहोत. २०१७ पासून राज्यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्या ‘महाडीबीटी’ या एका पोर्टलवर आल्या. मधले हात कमी व्हावेत आणि पैसा थेट मुलाच्या खात्यात जावा, हा त्यामागचा विचार चांगलाच होता. दाखल्यावरचा बारकोड टाकला की माहिती आपोआप भरली जाते, हीही खरी सुधारणा. पण पुराव्यांची यादी पाहा: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, अधिवास, रेशनकार्ड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, मधे वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, प्रवेशफेरीचे वाटपपत्र. हे सगळे जोडले की अर्ज कॉलेजच्या लिपिकाच्या टेबलावर, मग प्राचार्यांकडे, मग समाजकल्याणच्या किंवा तंत्रशिक्षणाच्या कार्यालयात. एका ठिकाणी शेरा मारून परत आला की पुन्हा पहिल्यापासून. केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० आणि ४० टक्के ठरल्यापासून एकाच शिष्यवृत्तीचे पैसे दोन वाटांनी आणि दोन वेळी येतात. कॉलेजला मात्र फी वेळेवर हवी असते. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलाला राज्याच्या ‘स्वाधार’ योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. पण त्याला खोलीचे भाडे पहिल्याच महिन्यापासून द्यावे लागते.

रमण्यात विद्वानाने विद्या सिद्ध केली, रानड्यांच्या काळात मुलाने गुण सिद्ध केले, आज मुलगा आपण कोण आहोत आणि किती गरीब आहोत हे सिद्ध करतो, तेही दर वर्षी नव्याने. ज्या घरात कुणी कधी अर्ज भरला नाही, त्याच घरातल्या मुलाच्या वाट्याला सर्वांत मोठा अर्ज येतो. घरात कोणी पदवीधर असेल तर हे काम त्याचा मामा करतो. नसेल तर सायबर कॅफेवाला करतो, आणि त्याच्या एका चुकीत वर्ष जाऊ शकते. माझ्या मते कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी बसणारा माणूस हा वर्षाच्या शेवटी हाताखाली दिलेला कुणी लिपिक नसावा, ते पूर्ण वेळेचे आणि सन्मानाचे पद असावे. प्राध्यापकांच्या नेमणुकीइतकीच या पदाची मागणी झाली पाहिजे. काही कॉलेजांत वरच्या वर्गातली मुले, जी स्वतः या रांगेतून गेली आहेत, नव्यांचे अर्ज भरून देतात. हे मी जवळून पाहिले आहे, आणि वार लावून देणाऱ्या घरांनंतर एवढी साधी मदत मला दुसरी दिसली नाही.

ज्यांच्या घरात बारावीचे मूल आहे त्यांच्यासाठी थोडे. जात वैधतेला महिने लागतात, म्हणून अकरावीतच कॉलेजमार्फत प्रस्ताव टाकावा. वडिलांच्या, आजोबांच्या शाळा सोडल्याचे दाखले तेव्हाच गावाकडून मागवावेत, कारण तिथेच सर्वांत जास्त वेळ जातो. उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर नव्या वर्षाचा काढावा. बँकखाते मुलाच्या स्वतःच्या नावाचे असावे आणि आधारशी जोडलेले असावे. ते खरोखर जोडले गेले आहे का हे बँकेत जाऊन विचारावे, कारण पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात आणि ते खाते कधीकधी कुणाच्या लक्षातही नसते. मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमाला असेल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४ पासून तिची शिक्षणाची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ आहे. प्रवेश घेतानाच ही सवलत मागावी. अर्ज मंजूर झाल्यावर पोर्टलवर हप्ता ‘रिडीम’ करावा लागतो, तो केला नाही तर मंजूर पैसेही तसेच पडून राहतात. आणि अर्ज परत आला तर शेरा नीट वाचून त्याच आठवड्यात दुरुस्त करून पाठवावा.